जवाईबापूंची रीळ आणि परतवाड्याचं बोकड

धोंड्याच्या महिन्यात जवायाला चांदीचं काहीतरी देतात. वाटी, निरांजन, ऐपत असली तर ताट. मी मासे पकडायची रीळ द्यायचं ठरवलं आणि ती शोधायला नांदगाव खंडेश्वरहून अमरावती, परतवाडा, अकोला असं रिंगण घातलं, तेही मे महिन्याच्या उन्हात. कोणाला अशीच रीळ घ्यायची असेल तर वाचा. नुसतं फिरायचं असेल तरी वाचा, बस आणि खाणंपिणं दोन्ही सांगते.

आधी रीळच काहून, ते सांगते. आमचे जवाई निखिल अकोल्याचे, वकिलाच्या घरचे. शिक्षण मुंबईत, नोकरी हिमाचलात, धरणाच्या कामावर. तिथं त्यांना फ्लाय फिशिंगचा नाद लागला. म्हणजे गळाला गांडूळ लावायचं नाही, पिसांची खोटी माशी बांधायची. लांब लवचिक काठीनं जाड दोरी चाबकासारखी हवेत फिरवायची आणि ती माशी पाण्यावर अलगद ठेवायची. काठीच्या बुडाशी दोरी गुंडाळायला गोल रीळ असते. मासा लागला की काढायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. आमच्या ह्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "सोडूनच द्याचा हाय, तं मंग त्याले उठवाचं कायले?"

मागच्या दिवाळीत जवाई ती काठी-रीळ घेऊन आमच्याकडे आले. शेततळ्यावर दोन तास उभे राहिले आणि रीळ ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले. मी बघितलं तर काळी, चिकट, वंगणानं माखलेली. दिवाळीची भांडी घासून चालली होती. म्हटलं, पाहुण्याची वस्तू अशी घाण परत पाठवायची का? उघडली. कढत पाण्यात सोडा टाकून बुडवली, तारेच्या घासणीनं घासली, वरून चिंच-मीठ लावलं. आतून बुचाची एक कुजकी चकती निघाली, ती कचऱ्यात टाकली. मग रीळ गच्चीवर उन्हात वाळवली.

ती बुचाची चकती म्हणजेच ब्रेक होता. मासा पळायला लागला की तीच दोरीला धरून ठेवते. वंगणही मुद्दाम लावलेलं होतं. त्यानंतर रीळ फिरलीच नाही.

आणि ती साधी रीळ नव्हती. ज्या साहेबांनी त्यांना हे शिकवलं, त्यांनी निवृत्त होताना आपल्या हातातली काढून दिलेली. जवायांनी बघितली, दोनदा फिरवायला गेले आणि म्हणाले, "राहू द्या मामी, काही हरकत नाही." मग एकटेच शेतात निघून गेले. जाताना रीळ आमच्याकडेच विसरले, की ठेवून गेले, ते मी विचारलं नाही. माझ्या वैशालीनं फोनवर सांगितलं की त्या दिवसापासून त्यांनी काठी हातात घेतलेली नाही. मला म्हणाली, "आई, निखिल काही बोलणार नाई. तुले तं कधीच नाई बोलणार."

हेच मला टोचत होतं. चार वर्षं झाली लग्नाला, या माणसानं माझ्यासमोर एका गोष्टीला नाव ठेवलं नाही. भाजी खारट झाली तरी छान, कूलर बंद पडला तरी छान. रविवारी त्यांना धोंडे जेवायला यायचं होतं. मी ठरवलं, त्याआधी रीळ आणायची.

"ऑनलाइन मागव," वैशाली म्हणाली. मी मागे एकदा कढई मागवली होती, ती बाहुलीच्या लग्नात शोभली असती. मला हातात घेतल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

गुरुवारी सकाळी सातच्या एसटीनं निघाले. बरोबर जाऊ निर्मला. तिची परतवाड्याला बहीण आहे, म्हणजे मुक्कामाची सोय. पिशवीत ती मेलेली रीळ, फडक्यात गुंडाळून, नमुना म्हणून. तिच्यावर पाच-सहा असा नंबर कोरलेला होता. काठीचाही नंबर असतो आणि दोन्ही जुळावे लागतात. पाच नंबरच्या काठीला आठ नंबरची रीळ लावली तर हात दुखून येतो. जो घ्यायला जाईल त्यानं आधी काठीवरचा नंबर बघावा.

नांदगावहून बडनेऱ्यावरून अमरावती तासाभरात येते. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस बायांनीच भरलेली आणि पुरुष उभे. लवकर निघा, दहानंतर बसचा पत्रा तव्यासारखा तापतो.

राजापेठेत उतरलो. तिथं क्लासला जाणाऱ्या पोट्ट्यांच्या गाड्यांतून रस्ता ओलांडणं हेच एक काम आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारलं, त्यानं पतंगाची चक्री काढून दिली. म्हटलं, बापा, मासा उडत नाही. त्यानं जाळी-गळाच्या दुकानाचा पत्ता दिला.

त्या दुकानदारानं दुसऱ्याच जातीची रीळ दाखवली, पुढे तार वाकवलेली, प्लॅस्टिकची.

"काकू, सारे हेच नेते. घेऊन जा डोये मिटून."

"डोये मिटून तुमी घेता का काई? फ्लायची पायजे. काठीच्या खाली लोंबते ते."

"ते अठी कोण घेते? अन् अधिक महिन्यात मासे, काकू?" त्यानं गल्ल्यावरच्या देवाकडे बघितलं. "धरम हाय का काई?"

"खायले नाई, सोडाले."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग निर्मलाकडे. निर्मलानं हळूच मान हलवली, म्हणजे बाई शहाणी आहे, पण घरी त्रास आहे.

तरी माणूस कामाचा निघाला. म्हणाला, परतवाड्याला मेळघाटात फिरायला येणाऱ्यांसाठी तंबू-बॅटऱ्यांचं दुकान आहे, तिथं असलं काही पडून असेल. आम्ही गिला वडा खाल्ला. अमरावतीला आलात तर खाल्ल्याशिवाय जाऊ नका, दह्यातला, गार, उन्हाळ्यात जेवणच होतं. निर्मलानं दोन प्लेट खाल्ल्या आणि विचारलं, "मोठ्याबाई, चांदीची वाटी काय वाईट होती व?"

परतवाड्याची बस वलगाव, आसेगाव करत दीड तासाच्या वर घेते. रस्ता चांगला आहे, ड्रायव्हरला मात्र तो अजून खराबच वाटत होता. खिडकीतून नांगरून ठेवलेली काळी रानं आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ. निर्मला झोपली. मी पिशवीतली रीळ चाचपत बसले.

संध्याकाळी दुकान सापडलं. दुकानदार पन्नाशीचा, मिशीवाला, खुर्चीतून न उठणारा. त्याच्याकडे खरंच दोन रिळा होत्या, दोन्ही पाच-सहा नंबरच्याच. कोणा हौशी माणसानं मागवल्या आणि न्यायला आलाच नाही. एक पंधराशेची, चकचकीत सोनेरी. दुसरी बेचाळीसशेची, भडक जांभळी, वांग्यासारखी.

"सोनेरीवाली न्या मावशी. गिफ्टले शोभते."

"मले शोभेची नाई, टिकाची पायजे. दोन्हीत फरक काय?"

त्याला फार माहीत नव्हतं, पण खोक्यातला कागद वाचून सांगायला तयार होता, हे मला आवडलं. पंधराशेची साच्यात ओतलेली. जांभळी अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली, तिला जोड नाही, म्हणून पडली तरी वाकत नाही. तिचा ब्रेक आत बंद डबीत, पाणी-माती जात नाही. ते ऐकून मी लगेच विचारलं, "म्हणजे कोणी धुतली तरी बिघडत नाई?"

"धुवाची कायले?"

"समजा."

मूठ डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बदलता येते, दोरीचं चाक एका दाबात निघतं. मी दोन्ही रिळांची चाकं धरून हलवली. सोनेरीचं चाक जुन्या जात्यासारखं खडखडलं, जांभळीचं जागच्या जागी. हा सगळ्यात सोपा तपास, त्याला कागद लागत नाही. पण ब्रेक कसा समजायचा? तो मासा ओढतो तेव्हाच समजतो आणि परतवाड्याच्या दुकानात मासा कुठून आणायचा?

"सकाळी या," तो म्हणाला. "आता लाइन गेली, दिसत नाई."

रात्री निर्मलाच्या बहिणीकडे पिठलं-भाकर खाल्ली. मी गच्चीवर पडल्या पडल्या विचार करत होते की ओढणारं काय असतं.

सकाळी बोकडं दिसली.

दुकानाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत एक म्हातारे बाबा पाच-सहा बोकडं घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसले होते. मी त्यातलं एक निवडलं, काळं, मस्तवाल. दुकानदाराला दोन्ही रिळांवर दोरी गुंडाळून बाहेर बोलावलं. तो पहिल्यांदाच खुर्चीतून उठला.

"बाबा, याच्या पट्ट्याले दोरी बांधू द्या. दोन मिनिटांचं काम."

"कायले?"

"रीळ तपासाची हाय. हे मासा."

बाबांनी विडी काढली, पेटवली नाही. "माह्या बोकडाले मासा म्हणाले तुमी."

"वीस रुपये घ्या."

"म्हणा मंग."

आधी सोनेरी. काठी नव्हती म्हणून दुकानदारानंच दोन्ही हातांत घट्ट धरली. बाबांनी बोकडाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. बोकड सुटलं ते थेट रसाच्या गाडीकडे. सोनेरी रीळ इतकी वेड्यासारखी फिरली की दोरी सुटायच्याऐवजी आतल्या आत गुंता झाली, म्हशीनं खाल्लेल्या दाव्यासारखी. पुढे झटका बसला, मूठ निघून नालीत गेली आणि दुकानदार चार पावलं पळत गेला.

"धरा, धरा!" निर्मला ओरडली. कोणाला धरायचं ते तिनं सांगितलं नाही.

मग जांभळी. मागचं ब्रेकचं बटण मी थोडं आवळलं. बोकड तितकंच जोरात निघालं, पण रीळ बारीक कर्र कर्र आवाज करत दोरी सोडत गेली. झटका नाही, गुंता नाही. बटण अजून आवळलं. बोकड हळू झालं, मग थांबलं आणि मागे वळून आमच्याकडे अशा नजरेनं बघायला लागलं, जसे आमचे हे मी बाजारात हाक मारल्यावर बघतात.

जमलेल्या लोकांतून एक जण म्हणाला, "मावशी, अजून काय काय धरता याच्यानं?"

"तुले धरून दाखवू का?"

एकोणचाळीसशेला सौदा झाला. सोनेरीची मूठ मी नालीतून काढून, पुसून दिली. दुकानदार तिचे पैसे मागणार होता, पण बाबाच त्याला म्हणाले, "अबे, बोकडानं मोडली ते माशानं नसती मोडली काय?"

आता तुम्हाला बोकड सापडलं नाही तर दुसऱ्या माणसाला दोरी धरून पळायला लावा. पण तपासून घ्या.

परतवाड्याहून अकोला लांबचा पल्ला, अंजनगाव, अकोट करत तीन तासांच्या वर लागतात. मधला रस्ता कुठे नवा, कुठे उखडलेला. अंजनगावला विड्याची पानं घेतली विहीणबाईंसाठी, तिथली पानं मऊ असतात. अकोटला आलुबोंडा, वर झणझणीत रस्सा. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन आणि वरून तो रस्सा. असं काहून करतो आम्ही, मला आजवर समजलं नाही.

अकोल्याला जायचं कारण वेगळं होतं. व्याही-विहिणीला धोंड्याच्या जेवणाचं आवतण फोनवर देत नाहीत, कुंकू लावून द्यावं लागतं. जवाई शनिवारी येणार होते. आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो, तर दार त्यांनीच उघडलं.

"मामी? या ना. मला सुट्टी लवकर मिळाली. वैशाली पार्लरला गेली आहे."

मी पिशवी पदराखाली घेतली.

विहीणबाई म्हणजे स्वच्छतेचा अवतार. त्यांच्या बैठकीत बसायलासुद्धा मला हात धुवावेसे वाटतात. पन्हं दिलं, आवतण झालं, कुंकू झालं. मग त्या गप्पा मारता मारता म्हणाल्या, "यावेळी तुमच्या शेततळ्यावर नाही हो जाणार निखिल. त्या सरांची एवढी जुनी रीळ याच्या हातून नदीत पडली, वाहून गेली. इतका धांदरट आहे. मी चांगलं बोलले त्याला दिवाळीनंतर. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेली वस्तू सांभाळता येऊ नये?"

मी जवायांकडे बघितलं. ते पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते आणि माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नाही. बोलू नका.

म्हणजे सहा महिने हा माणूस माझ्यासाठी आईचं बोलणं खात होता. मी गप्प बसले असते तर कोणाला काही समजलं नसतं. उलट नवी रीळ दिली म्हणून माझीच वाहवा झाली असती. निर्मला माझ्या पायावर पाय देत होती. तिला माहीत होतं मी काय करणार.

मी पिशवीतून फडकं काढलं, सोडलं आणि मेलेली रीळ त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवली.

"हे पाहा विहीणबाई. नदीत नाई गेली, माह्या घंगाळात गेली. म्या धुतली. सोडा टाकून. जवाईबापूच्या हातून काईच नाई झालं."

व्याह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. तीस वर्षांची वकिली त्यांची. ते मुलाकडे बघून म्हणाले, "म्हणजे आमच्याच घरात खोटी साक्ष."

विहीणबाई रीळ हातात घेऊन बघत होत्या. मला वाटलं आता ऐकून घ्यायची वेळ आली.

"ॲल्युमिनियमला सोडा?" त्या म्हणाल्या. "काळं पडतं हो त्यानं. आणि ही चिंच लावली का वरून?"

"लावली."

"घासणी तारेची?"

"तारेची."

"अहो, निदान काथ्या तरी घ्यायचा!" असं म्हणून त्यांनी रीळ उलटी केली आणि खालच्या खाचेतला काळा डाग मला दाखवला. "इथलं राहिलंच आहे बघा."

व्याही वर्तमानपत्रामागे गेले, ते वर्तमानपत्र हलत होतं.

त्या रात्री तिथंच राहिलो. सकाळी जवाई आम्हाला गाडीनं नांदगावला सोडायला निघाले, वैशाली रविवारी सासू-सासऱ्यांबरोबर येणार होती. अकोला ते बडनेरा आता हायवे गुळगुळीत आहे, गाडी असेल तर हाच रस्ता धरा. मूर्तिजापूर आलं. निर्मला मागे झोपली होती. मी म्हटलं, "जवाईबापू, आईजवळ खोटं काहून बोलले?"

"तुमच्याबद्दल काही बोलू नये कोणी."

"अन् तुमाले काई बोलाचं नोतं मले?"

त्यांनी पुढचा ट्रक ओलांडला. मग एकदम मुंबई-हिमाचल सगळं उतरलं त्यांच्या बोलण्यावरून.

"मामी, लय राग आल्ता मले. इचारलं असतं एकदा! एक हाक माराची होती, 'धू का' म्हणून! मी आंघोळच करून रायलो होतो, दुबईले नोतो गेलो. दर महिन्याले सरांचा फोन येते, रीळ कशी हाय म्हणते. मी म्हणतो मस्त हाय. सहा महिने झाले मी त्या माणसाशी खोटं बोलून रायलो. अन् ते बुच! बुच कोण फेकते, मामी? आतून निघालेली वस्तू कोणी फेकते काय?"

आवाजानं निर्मला जागी झाली आणि पुन्हा झोपल्यासारखं केलं.

"मंग त्याच दिवशी बोलले काहून नाई?"

"तुमी सासू हा."

"सासू हावो, कलेक्टर नाई."

ते पुढे बघत गाडी चालवत होते. कान लाल झाले होते. मी म्हटलं, "चुकलं माह्यं." हे शब्द मी आमच्या ह्यांनाही कधी ऐकवलेले नाहीत, तेव्हा निर्मलानं एक डोळा उघडून खात्री करून घेतली. मग जवाई म्हणाले, "हो, चुकलंच." आणि बडनेऱ्याला गाडी थांबवून आम्हा दोघींना उसाचा रस पाजला.

रविवारी धोंडे केले, आमरस केला, तेहतीस अनारसे मोजून ताटात ठेवले आणि मधोमध ती जांभळी रीळ. आमचे हे म्हणाले, "जवायाले वांगं देऊन रायली काय?" जवायांनी आणि मी एकदमच त्यांना गप्प केलं. ऊन उतरल्यावर सगळे शेततळ्यावर गेलो. दोनदा दोरी बाभळीला अडकली, तिसऱ्यांदा नीट पडली. एक हातभर कटला लागला आणि रिळेनं तोच बारीक आवाज केला, कर्र कर्र. मासा वर आला, जवायांनी ओल्या हातानं गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात. शेजारचे दोन जण बांधावर बसून बघत होते. ते जे म्हणाले ते इथं लिहीत नाही.

सरांना त्यांनी तिथूनच फोन लावला आणि खरं सांगून टाकलं. सर काय म्हणाले ते मला सांगितलं नाही. जुनी रीळ मात्र बरोबर घेऊन गेले.

आता ही खरेदी कशी झाली, ते त्यांच्याच तोंडून सांगते, कारण वापरणारे ते. परवा फोन आला, वैशालीच्या नाही, त्यांच्या नंबरवरून. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मामी, ब्रेक पक्का हाय. पाण्यात पडली, दगडावर आपटली, काई नाई झालं. चार हजाराच्या आत याच्यापेक्षा चांगली नाई भेटत. पण रंग भंगार हाय. सारे हसते मले इथे."

"बोकडानं पसंत केली होती. रंग त्याले दिसला नाई."

"अन् अनारसे कडक होते."

"दात किडले असतीन तुमचे. साखर कमी खा."

"त्या दिवशी भाजीतही मीठ..."

असं अर्धा तास चाललं. ठेवते न ठेवते तोच वैशालीचा फोन. घाबरलेली. "आई, निखिल बाहेर उभा राहून कोणाशी भांडून रायला होता? तुह्यं नाव घेऊन रायला होता. काय झालं?"

म्हटलं, "आमचं दोघाचं हाय ते. तू मधात पडू नको."